खाली, मिना चौकात

ब्युनोस आयर्स
४ नोव्हेंबर १९८६

प्रिय रेग्ला,

तुझं पत्र आलं की मी ते बेकरीत मोठ्याने वाचतो, हे तुला ठाऊक आहेच. परवाचं पत्र तर दोनदा वाचायला लावलं. पाव घ्यायला आलेली माणसं पाव काखेत धरून उभी! कादिस कुठल्या समुद्रावर आहे हे यातल्या कुणाला नीटसं माहीत नाही, पण मिना चौकातल्या कुठल्या बाकावर सकाळचं ऊन येतं आणि कुठल्या बाकावर संध्याकाळचं, हे सगळ्यांना पाठ आहे. तुझी भाची नेलिदा तर आल्या आल्या विचारते, "बाबा, आत्याने आज वडाखाली कुणाला झापलं?"

आता बातमी. नीट बसून वाच. बेकरी मी नेलिदाच्या हवाली केली. माझे गुडघे भट्टीपुढे उभं राहायला नाही म्हणतात. ते म्हणाले ते बरंच झालं, कारण आता मी मोकळा आहे. मे महिन्यात येतोय. बावन्न साली बोटीवर चढताना मी तुला सांगितलं होतं की दोन वर्षांत परततो. थोडा उशीर झाला.

एक मागणी आहे. स्टेशनवर येऊ नकोस. तू मोठ्या वडाखालच्या बाकावर बस, मांडीवर तळलेल्या माशांचा कागद उघडून. मी नुसता कोपऱ्यावर जाऊन आल्यासारखा येईन आणि तुझ्या कागदातला एक तुकडा उचलेन. तू म्हणायचंस, "हात धुतलेस का?" बस्स. याहून जास्त मला काही नको.

तुझा,
हेर्मान

•

कादिस
२३ नोव्हेंबर १९८६

प्रिय हेर्मान,

तू येणार म्हणतोस याचा आनंद आहेच. पण मे महिना कुणी सुचवला तुला? मेमध्ये लेवान्ते वारा सुटतो, माणसं वेड्यासारखी वागतात, दातांखाली वाळू येते. शिवाय चौकातल्या फरश्या उखडायला काढल्यात. नुसता धुरळा. जागाही लहान, तुझे पाय आता खाटेबाहेर येतील. पुढच्या वर्षी बघू, किंवा त्याच्या पुढच्या.

चौक मात्र आहे तसाच देखणा आहे. हल्ली संध्याकाळी सहाच्या सुमारास चिमण्या वडात शिरतात आणि असा कालवा करतात की डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना एकमेकांवर ओरडायला आयतंच निमित्त मिळतं. सोंगटी आपटली की मला न बघता कळतं, जिंकणाऱ्याने आपटली की हरणाऱ्याने. संगीत शिकवणारे कास्तोमास्तर आठवतात? त्यांच्या बाल्कनीतून पियानो येतो, पण हल्ली अर्ध्यावर थांबतो. शनिवारी ब्लासकडून भाजलेले चेस्टनट घेतले. त्याच्या शेगडीचा धूर चौकभर पसरला होता. मी त्याच्या आईची चौकशी केली तर मेल्याने दोन जास्त घातले! गरम कागद एप्रनमध्ये धरून मी वडाच्या मुळांवर बसले. पावसानंतर त्या मुळांना हत्तीच्या पायासारखी चकाकी येते. असा चौक साऱ्या स्पेनमध्ये नाही. माद्रिदवाल्यांनी काय वाटेल ते म्हणावं.

तेव्हा घाई करू नकोस. चौक कुठे पळून जात नाही.

तुझी,
रेग्ला

•

ब्युनोस आयर्स
२० डिसेंबर १९८६

रेग्ला,

हे पत्र मी बेकरीत वाचलं नाही.

पलीकडच्या गल्लीतला फुल्हेन्सियो गेल्या महिन्यात कादिसला जाऊन आला. मी त्याला खोदून खोदून विचारलं. चौकातली एकही फरशी उखडलेली नाही. आणि ब्लास गेल्या वर्षीच वारला. शेगडीवर आता त्याचा जावई बसतो.

मग शनिवारी तुला चेस्टनट कुणी दिले? भुताने?

मी दोन रात्री विचार केला. एक तर तू आपली जागा सोडून गावाच्या तटाबाहेरच्या नव्या इमारतीत राहायला गेलीस आणि मला सांगायला लाजतेस. ते असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. किंवा दुसरं असेल. पत्रातला भाऊ बरा, पण दारात ट्रंक घेऊन उभा राहिलेला भाऊ नको, असंही असू शकतं. माणूस एकटं राहिलं की त्याला सवय होते. तसं असेल तर सरळ लिही. मी तिकीट काढणार नाही, आणि रागावणारही नाही. निदान रागावल्याचं दाखवणार नाही.

हेर्मान

•

कादिस
११ जानेवारी १९८७

गाढवा,

तू नको कसा असशील? एकुलता एक भाऊ आणि तोही अर्धवट, पण आहे तो माझाच.

मी आपल्याच जागेत आहे. चौथ्या मजल्यावर, त्याच दोन खोल्यांत. आणि एक गोष्ट तू साफ विसरलास. आपल्या खिडक्या आतल्या अंगणाकडे उघडतात. आपल्या घरातून चौक कधीच दिसत नव्हता. तो बघायला आपण खाली पळायचो.

तीन वर्षांपूर्वी जिन्यात पडले. खुबा मोडला. डॉक्टरांनी जोडला, दोन माणसांनी स्ट्रेचरवरून वर आणून ठेवलं, आणि तेव्हापासून मी खाली उतरले नाही. घरातल्या घरात काठी टेकत फिरते, शिवणाचं थोडं काम करते. पण तो जिना! मधोमध झिजून घसरगुंडी झालेल्या पायऱ्या. वरच्या पायरीवर उभी राहते, खाली बघते आणि परत येते. बाजारहाट टोपलीने होतो. दोर सोडते, तळमजल्यावरच्या माशांच्या दुकानातला सेर्वान्दो किंवा त्याची बायको सामान भरून देतात.

तुला कळवलं असतं तर तू सगळं टाकून धावत आला असतास, किंवा आला नसतास. मला दोन्ही नको होतं.

पण मी खोटं लिहिलं असं मला वाटत नाही, हेर्मान. चौक वर येतो. सोंगट्या येतात, चिमण्या येतात, धूर येतो. ब्लास गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, आणि धूर तर होता तसाच येतोय! देव त्याला शांती देवो. मी डोळे मिटून रोज संध्याकाळी खाली जायचे, बाकावर बसायचे आणि परत आल्यावर तुला लिहायचे. तेवढं एक पत्र लिहायचं असायचं म्हणून जायचे, असं म्हण हवं तर.

तू ये. मे महिन्यात ये, वारा नसतो तेवढा. पण चौकात भेटायचं नाव काढू नकोस. वर ये.

रेग्ला

•

ब्युनोस आयर्स
२ फेब्रुवारी १९८७

श्री. सेर्वान्दो यांस,
तळलेल्या माशांचं दुकान, मिना चौक, कादिस

महाशय,

आपली ओळख नाही. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या रेग्लाचा मी धाकटा भाऊ. आपण तिची टोपली भरता त्याबद्दल आपला ऋणी आहे.

ती तीन वर्षं जिना उतरलेली नाही. मी मेमध्ये येतोय, पण माझे गुडघे असे आहेत की मी चढून वर पोचलो तरी मोठी गोष्ट. तिला खाली आणणं माझ्याच्याने होणार नाही. आपल्या ओळखीचे कुणी धडधाकट लोक असतील तर काही करता येईल का? एकदाच. तिने चौक एकदा बघावा.

तिला यातलं काही माहीत नाही. कळलं तर माझी धडगत नाही.

आपला,
हेर्मान

•

कादिस
१० मार्च १९८७

हेर्मानराव,

उत्तराला उशीर झाला. कार्निव्हल चालू होता आणि त्या दिवसांत आमच्याकडून शहाण्यासारखं काही होत नाही.

आधी नावाचं बघा. सेर्वान्दो आणि हेर्मान! गावाच्या दोन्ही रक्षक संतांची नावं एका पत्रात. तेव्हा हे काम होणारच.

तुमच्या बहिणीचं काय सांगू! मासा कालचा असला तर चौथ्या मजल्यावरून अख्ख्या अंगणाला कळेल असं बोलते. माझी बायको म्हणते, आपलं दुकान चांगलं चालतं ते त्या बाईच्या धाकाने. ती खाली येत नाही हे दिसत होतं, पण मला वाटलं, तिला माणसांचा कंटाळा असेल. कधी विचारलं नाही. टोपली भरली की आपलं काम झालं, असं समजून चाललो.

आता ऐका. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आम्ही मातेची मूर्ती खांद्यावरून गावभर नेतो. मी त्या खांदेकऱ्यांचा मुकादम आहे. सध्या सराव चालू आहे, मूर्तीच्या जागी वाळूची पोती ठेवून. मी पोरांना विचारलं, "एक दिवस पोत्यांऐवजी माणूस उचलायचं का?" एकजण म्हणाला, "पोती बोलत नाहीत, ही बोलेल." दुसरा म्हणाला, "मग तर सराव चांगलाच होईल." ठरलं.

रविवार बावीस तारीख. तिला आधी सांगणार नाही. सांगितलं तर दाराला कडी घालेल.

सेर्वान्दो

•

कादिस
२४ मार्च १९८७

हेर्मान,

तुला काय म्हणू? शिव्या शोधतेय, पण सगळ्या लाडाच्याच निघतायत.

रविवारी प्रार्थनेची घंटा होऊन गेली आणि दारावर थाप पडली. बघते तर सेर्वान्दो, स्वच्छ दाढी करून, आणि त्याच्यामागे जिनाभर माणसं. पांढऱ्या कुडत्यात, कमरेला पट्टे, खांद्यावर मूर्ती उचलायच्या गाद्या. मला वाटलं घरात कुणी मेलं. घरात मीच एकटी, तेव्हा मीच मेले असणार.

"बाई, शाल घ्या," तो म्हणाला. "चौकात जायचंय."

"मला नाही जायचं."

"मासे तळून तयार आहेत. थंड झाले तर मला ऐकवाल."

"सेर्वान्दो, मी पडेन रे."

त्याचा चेहरा एकदम बदलला. म्हणाला, "बाई, मी एकवीस वर्षं मातेला उचलतोय. तिच्या डोक्यावरचा मुकुट कधी हलला नाही. तुम्हाला पाडेन?"

न्हाव्याची हातवाली खुर्ची आणली होती, दोन दांड्यांना दोरांनी आवळून. बसवलं, पोटावर पट्टा बांधला. जिना अरुंद, म्हणून चारच माणसं धरू शकत होती. बाकीची वळणावळणावर उभी, हातोहात बदलायला. सेर्वान्दो पुढे उलटा चालत होता, माझ्याकडे तोंड करून. "डावे, हळू. उजवे, श्वास घ्या. आता एक पायरी. आणखी एक." मी डोळे गच्च मिटले होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे मी पडले होते, तिथे मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मी म्हटलं, "थांबा." थांबले. खांदे दुखत असतील, पण कुणी हू की चू केलं नाही. मी म्हटलं, "चला." चालले.

मग गार वाटलं. मग एकदम ऊन. मी डोळे उघडले.

हेर्मान, चौक मोठा आहे. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं, कारण मीच विसरले होते. चार भिंतींत राहून माझ्या मनातला चौकही लहान झाला होता, खोलीएवढा. आणि इथे आभाळ! वडाच्या फांद्या समोरच्या घरांच्या बाल्कन्यांना टेकल्यात. खोड तर असं फुगलंय की आपण दोघं हात धरून उभे राहिलो तरी चौथाई भागाला वेढा पडणार नाही. आवाजावरून मला वाटायचं, रोज संध्याकाळी कुणीतरी गालिचे झटकतं. गालिचे कसले! कबुतरं उडतात, सगळी एकदम. माझ्या इतक्या पत्रांत ते गालिचे आहेत, ते तेवढे खोडून टाक.

मला वडाखाली ठेवत होते. मी म्हटलं, "मधोमध ठेवा. उन्हात." ठेवलं. डॉमिनोवाल्या म्हाताऱ्यांनी खेळ सोडला. एकजण टोपी काढून म्हणाला, "वरून मासेवाल्याला झापणारा आवाज तुमचाच का?" मी म्हटलं, "आणि हरल्यावर सोंगटी आपटणारा हात तुमचा." असे हसले, असे हसले! माशांचा कागद आला. खारटपणा अगदी बेताचा होता. सेर्वान्दोला हे सांगितलं नाही, डोक्यावर चढून बसेल.

मग वर बघितलं तर समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कास्तोमास्तर. गुडघ्यांवर कांबळं. कुणीतरी सांगितलं, ते सहा वर्षं उतरले नाहीत. सहा! आणि त्यांना तर रोज दिसत होता चौक. न दिसणारा चौक मी सोसला, पण समोर दिसत असताना वर बसून राहायचं, हे कसं सोसलं असेल?

मी ओरडले, "मास्तर! खाली या!"

ते वाकले. "माझं वय एक्क्याऐंशी आहे, बाई."

"वयाला वर राहू द्या. तुम्ही या!"

सगळा चौक हसला. मास्तर मात्र उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मी हातातला मासा कागदात परत ठेवला. वाटलं, झालं, आपल्या जिभेने एका भल्या माणसाला चारचौघांत दुखावलं.

मला परत न्यायला दांडे उचलले, तेवढ्यात त्यांची सून चप्पल फटफटवत धावत आली. म्हणाली, "बाबा विचारतायत, पुढच्या रविवारी माणसं मोकळी असतील तर त्यांनी टाय लावावा का नुसता रुमाल चालेल?"

सेर्वान्दो म्हणाला, "टाय. आमच्या खांद्यावर बसायचं म्हणजे नीट कपडे हवेत."

तेव्हा तू ये. चौकात भेटू, तुझी हौस फिटू दे.

रेग्ला

•

कादिस
१२ मे १९८७

प्रिय नेलिदा,

तुझे वडील लिहीन लिहीन म्हणतात आणि खाली जाऊन डॉमिनो खेळत बसतात, म्हणून ही आत्या लिहिते आहे. तू बघितलं नाहीस ते तुला कळायला हवं.

आमच्याकडे आता दर रविवारी उतरणं असतं. मास्तर आले, पहिल्या दिवशी चौकात नुसते रडले, दुसऱ्या रविवारी तिथे वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या चुका काढल्या. मग औषधांच्या दुकानावरच्या दोघी बहिणी. सेर्वान्दोची माणसं एका जिन्यातून दुसऱ्या जिन्यात जातात. ईस्टर झाला, मूर्ती देवळात परत गेली, तरी यांचा सराव संपत नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, पुढच्या वर्षीचा आहे.

तुझ्या वडिलांनी वीस तारखेला येतो असं कळवलं होतं. परवाच्या रविवारी, म्हणजे दहाला, मला नेहमीसारखं खाली आणलं. दाराशी सेर्वान्दोने खुर्ची टेकवली आणि म्हणाला, "एक गडी कमी आहे." बोळात अंधार असतो, आणि मी पुढे तोंड करून बसलेली. त्याने मागे कुणाला तरी हाक मारली, "ए, तुम्ही! हो, तुम्हीच. बॅग ठेवा आणि मागून डावा दांडा धरा." मला वाटलं, कुणी पाहुणा असेल.

उचललं आणि निघालो. आणि नेलिदा, काय सांगू तुला! इतके रविवार मी लोण्यावरून गेल्यासारखी गेले होते, आणि त्या दिवशी मेली खुर्ची होडीसारखी डुलायला लागली. डावा खांदा खाली, मग वर, मग पुन्हा खाली. मी ओरडले, "मागचा डावा कोण आहे? चालता येत नाही का? पाय उचल!" पुढची माणसं खुसखुस हसत होती. मी आणखी चिडले. "सेर्वान्दो, हा माणूस बदल. याने आयुष्यात कधी काही उचललं नाही."

चौकाच्या मध्यावर खुर्ची ठेवली. मागचा माणूस धापा टाकत होता. म्हणाला, "बाई, मी तीस वर्षं पिठाची पोती उचलली आहेत."

मी तो आवाज ओळखला नाही, तो म्हातारा झालाय. पण "बाई" म्हणताना तो मधेच फाटला. लहानपणी रडू दाबताना फाटायचा तसा. मी मागे वळायला गेले, पट्टा होता, वळता येईना. तो फिरून समोर आला. टक्कल. आमच्या वडिलांचे कान. शर्ट घामाने ओला.

मीच म्हटलं, "लवकर आलास."

तो म्हणाला, "उशीरच झाला." आणि फरशीवरच बसला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, भर चौकात, लाज ना शरम. डॉमिनोवाल्यांनी पाठी फिरवल्या. माझ्या गावात माणसं एरवी कुणाच्या गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय राहत नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांना एकदम दुसरीकडे बघायचं होतं. मास्तर तेवढे बघत होते. ते म्हणाले, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

नंतर कळलं, सेर्वान्दो त्याला स्टेशनवरून घेऊन आला होता. दोन्ही संत मिळालेले आधीपासून.

आता तुझ्या वडिलांचं परतीचं तिकीट. ते काही दिवस पुढे ढकलायचं म्हणतायत. किती दिवस ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. त्यांचा हिवाळी कोट पाठव.

काल त्यांचा डावा खांदा सुजला होता. रात्री मी तेल चोळत होते तर कण्हत म्हणाले, "रेग्ला, तू फार जड आहेस गं."

मी म्हटलं, "पस्तीस वर्षं उचललं नाहीस, त्याचं साठलंय."

तुझी आत्या,
रेग्ला